पिस्तुलाचा नेम आणि सरावाचा इतिहास



आजच्या व्याख्यानाचा विषय ऐकून काहींच्या भुवया वर गेल्या असतील. तत्त्वज्ञान शिकवण्यात हयात गेली आणि आता सत्तरीनंतर हे गृहस्थ पिस्तुलावर बोलणार? तर सुरुवातीलाच सांगतो, आम्हाला पिस्तूल चालवता येत नाही. कॉलेजात असताना, म्हणजे चीनच्या युद्धानंतर एनसीसी सक्तीची झाली होती त्या काळात, पॉइंट टू टू रायफलच्या पाच गोळ्या आम्ही झाडल्या. पाचपैकी दोन कागदावर सापडल्या, तीन अजून सापडायच्या आहेत. बंदुकीशी आमची सलगी तेवढीच. पण त्या दिवशी एक प्रश्न मनात राहिला तो राहिलाच. शेजारी पालथा पडलेला, आमच्याच वर्गातला एक शेतकऱ्याचा मुलगा पाचही गोळ्या रुपयाएवढ्या जागेत बसवून गेला होता. त्याचा हात आणि आमचा हात यांत फरक काय? डोळा सारखा, बंदूक तीच, उस्ताद तोच. मग त्याला जे आलं ते काय होतं?

आपल्या भाषेत त्याला जुना शब्द आहे, हस्तलाघव. लाघव म्हणजे हलकेपणा, चपळाई. महाभारतात धनुर्विद्येचं वर्णन येतं तिथे लाघव आणि सौष्ठव हे दोन शब्द जोडीने येतात. एक वेगाचा, एक नेटकेपणाचा. आज पिस्तूल शिकवणारा प्रशिक्षक वेग आणि अचूकता म्हणतो, ते हेच. आजचा आमचा मुद्दा असा की, आपल्या इतिहासात शस्त्र कुणी आणलं, गोळी कुणी झाडली, फाशी कोण गेलं, हे आपण पाठ केलं. पण सराव कुणी केला, कुठे केला, कुणाला करू दिला नाही, हे विचारलं नाही. ते विचारलं की इतिहास थोडा वेगळा दिसतो.

आधी पिस्तुलाचं गणित समजून घेऊ, कारण त्यावाचून पुढची गोष्ट कळणार नाही. पिस्तुलाच्या पुढच्या आणि मागच्या माशीत समजा पंधरा सेंटिमीटरचं अंतर आहे. पुढची माशी एका मिलिमीटरने इकडची तिकडे झाली, तर दहा मीटरवर गोळी सुमारे सहासष्ट मिलिमीटर सरकते. रायफलीत हे अंतर साधारण चौपट, म्हणून चूक चौथाई. शिवाय रायफल खांद्याला टेकते, गालाला टेकते. पिस्तूल हवेत, लांब केलेल्या हाताच्या टोकाला. आज दहा मीटर एअर पिस्तुलाच्या लक्ष्यावर दहा गुणांचं वर्तुळ साडेअकरा मिलिमीटरचं असतं. म्हणजे माशीची चूक मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी झाली तरी गोळी वर्तुळाच्या अर्ध्याहून जास्त सरकली. आणि ही चूक होते कधी? घोडा दाबताना. नेम डोळा धरतो आणि बोट बिघडवतं. म्हणून पिस्तुलाचा सराव हा बराचसा बोटाचा सराव आहे.

असा सराव हजारो वेळा करावा लागतो. सावकाश करावा लागतो. हात सावकाशीत बरोबर झाला की मगच वेग वाढवायचा, उलटं चालत नाही. आपल्या आखाड्यातल्या जुन्या उस्तादांना हे सांगावं लागत नव्हतं. दांडपट्टा असो, फरी-गदका असो, मल्लखांबावरची उडी असो, पोराला आधी महिनामहिना एकच हात घोटायला लावत. अमरावतीत 1914 साली वैद्य बंधूंनी, अंबादासपंत आणि अनंतराव यांनी, हनुमान आखाडा सुरू केला. तोच पुढे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झाला. लाठी, लेझीम, भाला, जंबिया, तलवार, मल्लखांब, कुस्ती, सगळं तिथे शिकवलं गेलं. पण बंदूक? पिस्तूल? त्याला कायद्याची आडकाठी होती.

तो कायदा म्हणजे 1878 चा शस्त्र कायदा, व्हाइसरॉय लिटनच्या काळातला. परवान्यावाचून हत्यार बाळगायचं नाही. गोऱ्यांना त्यातून मोकळीक, नेटिवांना बंदी. काँग्रेसच्या अगदी सुरुवातीच्या अधिवेशनांतही या कायद्याविरुद्ध ठराव झाले, ते या अपमानामुळे. पण अपमानाइतकीच मोठी दुसरी गोष्ट घडली, ती कमी बोलली गेली. हत्यार चोरून मिळवता येतं. सराव चोरून करता येत नाही. गोळीचा आवाज होतो, काडतूस पैशाने मिळत नाही, आणि जे मिळालं ते एकदा उडालं की संपलं. ज्याच्याकडे मोजकी काडतुसं आहेत त्याने त्यातली किती भिंतीवर झाडायची?

आता 1897 कडे या. त्या वर्षी डिसेंबरात काँग्रेसचं तेरावं अधिवेशन आपल्या अमरावतीत भरलं. अध्यक्ष होते सी. शंकरन नायर, स्वागताध्यक्ष आपले दादासाहेब खापर्डे. मांडवात सगळ्यांच्या मनात जो माणूस होता तो मात्र तुरुंगात होता. टिळकांना सप्टेंबरात राजद्रोहाखाली शिक्षा झाली होती. त्यामागे घटना होती 22 जूनची. पुण्यात गणेशखिंड रस्त्यावर, राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाच्या रात्री, चापेकर बंधूंनी प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली.

ती गोळी कशी झाडली गेली ते पाहा. दामोदरपंत धावत्या घोडागाडीच्या मागे चढले आणि अगदी अंगाला लावल्यासारखी गोळी घातली. इथे नेमबाजी नाही. सराव करायला जागा नसलेल्या माणसाने अंतरच काढून टाकलं. नेम चुकू नये म्हणून जीव धोक्यात घालून जवळ जायचं, हा सरावाच्या अभावावरचा इलाज. त्याच वेळी मागच्या गाडीतल्या लेफ्टनंट आयर्स्टलाही गोळी लागली. तो जागीच गेला. रँड, ज्याच्यासाठी हे सगळं होतं, तो 3 जुलैला गेला. प्लेगच्या काळातल्या जुलमाचा राग खरा होता. पण आयर्स्टचं नाव त्या रागात नव्हतं. हे नाव लक्षात ठेवा. आपल्याला त्याच्याकडे परत यायचं आहे.

पुढे 1909. एकाच वर्षात दोन शहरं, दोन तरुण, दोन पिस्तुलं. पहिलं शहर लंडन. मदनलाल धिंग्रा, सावरकरांच्या वर्तुळातला पंजाबी विद्यार्थी. त्याच्या खटल्यात एका नेमबाजीच्या गाळ्याच्या मालकाची साक्ष झाली. टॉटनहॅम कोर्ट रोडवर त्याचा गाळा होता, पैसे द्या आणि नेम धरा. त्याने सांगितलं की हा गृहस्थ तीन महिने आठवड्यातून दोन-तीनदा यायचा, स्वतःचं कोल्ट पिस्तूल आणायचा, दर वेळी साधारण बारा गोळ्या झाडायचा. 1 जुलैलाही संध्याकाळी आला. अठरा फुटांवरून बारा गोळ्या झाडल्या. अकरा लागल्या. तो कागदच त्याने कोर्टात दाखल केला. त्याच रात्री धिंग्राने इम्पीरियल इन्स्टिट्यूटमध्ये कर्झन वायलीला गोळ्या घातल्या.

बघा हं, साम्राज्याच्या राजधानीत एक हिंदी तरुण उघड्यावर, पैसे मोजून, लोकांदेखत सराव करतो. आणि त्याच्याच देशात त्याच वयाच्या पोराला हे स्वप्नातही शक्य नाही.

दुसरं शहर नाशिक. सावरकरांनी लंडनहून वीस ब्राऊनिंग पिस्तुलं पाठवली होती. चतुर्भुज अमीन नावाच्या माणसाच्या पेटीला खोटा तळ करून, त्यात दडवून ती मुंबईला आली. म्हणजे हत्यार समुद्र ओलांडून आलं. पण टॉटनहॅम कोर्ट रोडवरचा गाळा काही पेटीच्या तळात घालून आणता येत नव्हता. 21 डिसेंबर 1909 ला विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सन ‘शारदा’ नाटक पाहायला आला. अनंत कान्हेरे वाट पाहत बसला होता. वय अठराच्या आसपास. पहिली गोळी हुकली. पुढच्या लागल्या. 19 एप्रिल 1910 ला ठाण्याच्या तुरुंगात कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे फाशी गेले. जॅक्सन कसा होता, संस्कृतचा जाणकार होता की जुलमी होता, यावर आजही वाद होतात. आम्हाला त्यात आज जायचं नाही. आम्ही फक्त ती पहिली गोळी पाहतो आहोत. थरथरणारा अठरा वर्षांचा हात, आणि त्या हाताला आधी शिकायला न मिळालेली गोष्ट.

इथपर्यंत ऐकून कुणी म्हणेल, म्हणजे तुमचं म्हणणं असं की सराव मिळाला असता तर सगळं ठीक झालं असतं? नाही. इथेच तर गोष्ट अवघड होते.

धिंग्राचा सराव उत्तम होता, बारापैकी अकरा. पण त्या रात्री वायलीबरोबर आणखी एक माणूस मेला. डॉक्टर कावस लालकाका, पारशी, वायलीला वाचवायला मध्ये आला. कागदावरच्या लक्ष्यामध्ये कुणी धावत येत नाही. म्हणून कागदावर झालेल्या सरावाला, मध्ये माणूस आला तर थांबायचं कसं, हे माहीत नसतं.

आणि आता लाहोर, 17 डिसेंबर 1928. आपल्या खेडचे शिवराम हरी राजगुरू. ते काही काळ अमरावतीच्या हनुमान आखाड्यात होते, अशी मंडळाची परंपरा सांगते, आणि आपल्याकडे हे अभिमानाने सांगितलं जातं. लाला लजपतराय यांच्यावरच्या लाठीहल्ल्याचा बदला म्हणून पोलीस सुपरिंटेंडेंट स्कॉटला मारायचं ठरलं होतं. इशारा झाला. राजगुरूंनी पहिली गोळी झाडली. नेम चुकला नाही, एका गोळीत माणूस पडला. पण तो स्कॉट नव्हता, साँडर्स होता. हात अचूक, ओळख चुकलेली.

आयर्स्ट, लालकाका, साँडर्स. ही तीन नावं आम्ही हुतात्म्यांचं मोल कमी करायला घेत नाही. त्यांनी स्वतःचे प्राण दिले, घरात बसून बोलणाऱ्या आमच्यासारख्यांनी त्यांना पाठ शिकवावा हे शोभत नाही. पण इतिहास वाचायचा तर ही नावंही वाचावी लागतात. कारण यातून एक गोष्ट कळते. अचूकता दोन असतात. एक हाताची, एक निवाड्याची. पहिली सरावाने येते हे सगळ्यांना माहीत आहे. दुसरीलाही सराव लागतो, हे आपण विसरतो. आणि चोरून, अंधारात, घाईत केलेल्या कामात हा दुसरा सराव होऊच शकत नाही. तिथे प्रश्न विचारणारा, चूक दाखवणारा, थांब म्हणणारा कुणी नसतो. शस्त्र कायद्याने आपल्या पोरांकडून नुसता नेम काढून घेतला नाही, नेमाबरोबर येणारी शिस्तही काढून घेतली.

हे आम्ही महाभारतातून शिकलो असं म्हटलं तरी चालेल. आदिपर्वात एक लहानशी गोष्ट आहे. अर्जुन रात्री जेवत बसला होता. वाऱ्याने दिवा विझला. तो जेवतच राहिला. मग त्याच्या लक्षात आलं की अंधारातही हात बरोबर तोंडाशी जातो आहे, कारण हाताला सवय आहे. मग बाण का जाणार नाही? तो उठला आणि अंधारात सराव करू लागला. आज पिस्तुलाचे खेळाडू घरी भिंतीसमोर उभं राहून, काडतुसाशिवाय, नुसता नेम धरून घोडा दाबण्याचा रिकामा सराव तासन्‌तास करतात. गोळी नाही, आवाज नाही, निकाल नाही. निकालाचा मोह नसला की बोट खरं काय करतं ते दिसतं. पतंजलींनी अभ्यासाबरोबर वैराग्य का जोडलं, हे आम्ही पस्तीस वर्षं फळ्यावर लिहून समजावत होतो. एका नेमबाज मुलीने आम्हाला ते एका वाक्यात सांगितलं, “सर, मागची गोळी विसरता आली पाहिजे.”

त्याच आदिपर्वात एकलव्य आहे. त्याला शिकवायला नकार मिळाला. त्याने मातीचा गुरू केला आणि एकट्याने सराव केला. भुंकणाऱ्या कुत्र्याच्या तोंडात सात बाण, आणि सगळे थक्क झाले ते त्याच्या लाघवाने. मग अंगठा गेला. अंगठा गेल्यावरही तो बोटांनी बाण सोडत राहिला, पण आधीसारखा चपळ राहिला नाही, असं महाभारत सांगतं. नीट ऐका, गेलं काय? बाण गेला नाही, धनुष्य गेलं नाही. वेग गेला. ज्याला खाली ठेवायचं त्याच्याकडून नेमकं काय काढून घ्यावं, हे त्या काळच्या सत्तेला ठाऊक होतं. लिटनलाही ठाऊक असावं.

आता या एकलव्याला एक युरोपातला भाऊ आहे, त्याची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. 1936 साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक तिथे गेलं, कबड्डी आणि आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिकं करून आलं. त्याच वर्षी हंगेरीचा कॅरोली टाकाक्स हा पट्टीचा पिस्तूलबाज असूनही बर्लिनला जाऊ शकला नाही. कारण तो सैन्यात सार्जंट होता, आणि संघात फक्त कमिशन असलेले अधिकारीच घ्यायचे असा नियम होता. दोन वर्षांनी सरावात हातबाँब फुटून त्याचा उजवा हात निकामी झाला. त्याने कुणाला न सांगता डाव्या हाताने सुरुवात केली. 1939 मध्ये हंगेरीची राष्ट्रीय स्पर्धा जिंकली. मग महायुद्ध, आणि 1948 ला लंडन ऑलिंपिकमध्ये रॅपिड फायर पिस्तुलात सुवर्णपदक. 1952 ला हेलसिंकीत पुन्हा. हेलसिंकी म्हणजे तेच, जिथे आपल्या खाशाबा जाधवांनी कांस्यपदक घेतलं. टाकाक्सला एकलव्यापेक्षा जास्त काय मिळालं? डावा हात दोघांनाही होता. पण टाकाक्सला उघडं मैदान मिळालं, आणि नंतर कुणी गुरुदक्षिणा मागितली नाही.

उघडं मैदान आपल्याकडे कधी आलं? स्वातंत्र्यानंतर. 1951 मध्ये नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडिया स्थापन झाली, आणि तिचे पहिले अध्यक्ष कोण, तर गणेश वासुदेव मावळंकर. गुजरातेत स्थायिक झालेले मराठी घरातले वकील, गांधीजींचे अनुयायी, तुरुंगात गेलेले सत्याग्रही आणि पहिल्या लोकसभेचे सभापती. गांधींचा माणूस आणि बंदुकीची संस्था! आम्हाला यात विसंगती दिसत नाही. हत्यार चोरवाटेने येण्यापेक्षा नियमात, पंचांसमोर, मोजून यावं, हाच तर सभापतीचा स्वभाव. त्यांच्या नावाची मावळंकर स्पर्धा आजही होते आणि देशभरातले नवे नेमबाज तिच्यातून पुढे येतात.

आणि मग कोल्हापूरची राही सरनोबत. तिचा प्रकार 25 मीटर पिस्तूल, पॉइंट टू टू. आजच्या विषयाला याहून चोख उदाहरण नाही, कारण या प्रकारात अचूकता आणि वेग यांची परीक्षा अक्षरशः वेगवेगळी घेतात. पहिल्या तीस गोळ्या संथ, पाच-पाचच्या मालिकेत, अचूकतेच्या. पुढच्या तीस वेगाच्या. त्यात हात खाली तिरपा धरून उभं राहायचं, खूण झाली की तीन सेकंदांत हात वर, नेम, एक गोळी. मग सात सेकंद हात खाली. पुन्हा तीन सेकंद. असं पाच वेळा. म्हणजे दर गोळीला हात वर न्यायचा तसा खालीही आणायचा. आम्ही हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा लक्ष वर जाणाऱ्या हाताकडे होतं. नंतर नंतर आम्ही खाली येणारा हात पाहायला लागलो. वेळ संपली की गोळी राहिली तर राहिली. ती झाडायची नाही. रेंजवर “थांबा” असा हुकूम झाला की जगज्जेत्यानेही पिस्तूल रिकामं करून खाली ठेवायचं. हा सरावाचाच भाग आहे, सरावाबाहेरचा नियम नाही.

2013 मध्ये राहीने कोरियात चांगवॉनला विश्वचषकाचं सुवर्ण घेतलं. 2018 च्या आशियाई स्पर्धेत, 22 ऑगस्टला, पालेंबांगच्या रेंजवर अंतिम फेरीत तिचे आणि थायलंडच्या खेळाडूचे पन्नासपैकी चौतीस-चौतीस वेध झाले. बरोबरी. बरोबरी फोडायला पाच गोळ्या, दोघींचे चार-चार. पुन्हा पाच. राहीचे तीन, तिचे दोन. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचं सुवर्ण जिंकणारी ती पहिली भारतीय स्त्री. आता हिशेब करा, सुवर्ण जिंकणाऱ्या हाताचेही पन्नासातले सोळा हुकले होते. मधल्या काळात कोपराच्या दुखापतीने तिला लांब बसवलं होतं, हेही विसरू नका. म्हणून आम्ही म्हणतो, सराव म्हणजे न चुकणं नव्हे. चूक सगळ्यांसमोर मोजली जाणं आणि तरी पुढच्या तीन सेकंदांना तयार असणं, म्हणजे सराव.

याचा आपल्याशी काय संबंध? आहे. आज पोलीस अधिकाऱ्याच्या कमरेला पिस्तूल असतं. बँकेच्या दारात बंदूकवाला उभा असतो. काही घरांत परवान्याचं हत्यार कपाटात पडून असतं, वर्षानुवर्षं न झाडलेलं. खासगी संरक्षणाचा हक्क कायदा देतो, पण गरजेपेक्षा जास्त इजा करायची मुभा देत नाही. ती गरज ओळखायला मिळतात त्याही दोन-तीन सेकंदच. या लोकांना आपण सराव किती देतो, आणि त्यातला किती नेमाचा, किती थांबण्याचा? सिनेमात नायक वेगाने पिस्तूल काढतो, त्याला टाळ्या पडतात. पिस्तूल काढून, समोर कोण आहे ते पाहून, परत ठेवणारा नायक आम्ही अजून पाहायचा आहे.

आमच्या पिढीने आखाडे पाहिले. संध्याकाळी लाल मातीत लाठी फिरवणारी पोरं पाहिली. तिथे एक रीत होती, वार समोरच्याच्या डोक्यावर एक वीत अलीकडे थांबवायचा. ज्याला तो थांबवता येत नाही त्याला उस्ताद जोडी देत नसत. म्हणत, “भाऊ, तुले मारता येते, थांबता येत नाही. जा, आणखी महिनाभर एकट्यानं घोट.” त्या उस्तादांनी शस्त्र कायदा वाचला नव्हता आणि योगसूत्रंही वाचली नव्हती. पण आम्ही आज तासभर जे सांगितलं, ते त्यांना तेवढ्या एका वाक्यात ठाऊक होतं.